दुबई ते मुंबई तीन तास, मुंबई ते पाटण पावणेनऊ तास

मंडळी, पोस्ट मोठी आहे. निवांत असाल तेव्हा वाचा, पण वाचा. विषय विमानाचा असला तरी आपल्या गावाकडचाच आहे.

गेल्या श्रावणात माझे चुलते वारले. पहाटे पाचच्या सुमारास. गाव मोरणा खोऱ्यात, मोरगिरीच्या वर. थोरला मुलगा गावात, धाकटा दुबईला एका गोदामात सुपरवायझर. त्याला फोन गेला तेव्हा तिकडं साडेतीन वाजले होते. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं. पोरानं जीव खाऊन तिकीट काढलं, तिकडच्या सकाळी दहाचं विमान मिळालं. आपल्या घड्याळात साडेअकरा. अडीचच्या ठोक्याला विमान मुंबईत सहारला टेकलं. सामान काही नव्हतंच, साडेतीनला तो बाहेर गाडीत बसला आणि फोन केला, "निघालो. थांबा."

गावात सगळे हिशोब करायला लागले. दुबईवरनं तीन तासांत मुंबईत आला म्हणजे आता किती लागणार? कुणी म्हणालं सहा तास, कुणी म्हणालं सात. पाऊस लागलेला, बर्फाची पेटी आणायची म्हटलं तरी कराडहून येणार. जाणत्या माणसांनी साडेपाचपर्यंत वाट बघितली. मग ठरलं, अंधार पडायच्या आत उरकायचं. ओढ्याला पाणी वाढत होतं, स्मशानभूमी पलीकडं. साडेसहाला थोरल्यानं अग्नी दिला. त्या वेळी धाकटा द्रुतगती मार्गावर, घाटातल्या कोंडीतनं सुटून लोणावळ्याच्या पुढं आलेला. व्हिडिओ कॉल लावला होता. आमच्या स्मशानभूमीत रेंज कशी असते ते तुम्हाला माहीत आहे. चित्र अडकायचं, आवाज पुढं जायचा.

तो घरी पोचला रात्री सव्वाबाराला.

आता गणित बघा. दुबई आणि मुंबई या दोन विमानतळांमधलं सरळ अंतर साधारण १,९३० किलोमीटर. वेळ तीन तास. मुंबईच्या विमानतळापासून आमच्या गावापर्यंत सव्वातीनशे-तीनशेतीस किलोमीटर. वेळ पावणेनऊ तास. एकीकडं ताशी साडेसहाशेच्या आसपास, दुसरीकडं ताशी अडतीस. अरबी समुद्र ओलांडायला जेवढा वेळ लागला त्याच्या जवळजवळ तिप्पट वेळ आपल्याच राज्यातले चार जिल्हे ओलांडायला लागला.

तेव्हापासनं मला एक सवय लागलीय. कुणी म्हणालं, "आता काय, जग जवळ आलंय," की मी विचारतो, कुठल्या स्टँडावरनं?

या दोन विमानतळांमधल्या अंतराचा प्रकार जरा नीट समजून घेऊया, कारण आपल्यापैकी बहुतेक जण मोबाईलवर आकडा बघून फसतात. तिकिटावर जी वेळ असते ती नुसती हवेतली नसते. विमान जागेवरनं हललं तिथपासून ते दुसरीकडं जागेवर उभं राहिलं तिथपर्यंतची असते. हवेतही सरळ रेष म्हणजे नकाशावर पट्टी ठेवून ओढलेली रेष नव्हे. पृथ्वी गोल, त्यामुळं सगळ्यात जवळची वाट सपाट नकाशावर वाकडी दिसते. आणि वारा. आपल्या भागात वर उंचावर वारे मुख्यत: पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहतात, थंडीत तर जास्तच. म्हणून दुबईहून येताना वेळ थोडा कमी लागतो, जाताना जास्त.

याचं सगळ्यात भारी उदाहरण एअर इंडियाचं. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे त्यांचं विमान आधी अटलांटिकवरनं जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी दिशाच बदलली आणि पॅसिफिकवरनं न्यायला सुरुवात केली. अंतर वाढलं, हजारभर किलोमीटरपेक्षा जास्त वाढून साधारण १५,३०० किलोमीटर झालं. पण वारा पाठीशी आल्यामुळं वेळ दोनेक तासांनी कमी झाला. लांबची वाट, पण लवकर पोचणारी. हे वाचलं तेव्हा मला आपली उंब्रजची वाट आठवली. पाटणहून पुण्याला जाणारे निम्मे लोक मल्हारपेठेवरनं उंब्रजला का निघतात? कराडची गर्दी टळते आणि तासवड्याचा टोलही. एअर इंडियाच्या पायलटला जे २०१६ साली सुचलं ते आपल्या वडापवाल्याला कधीपासनं ठाऊक आहे.

सांगायचा मुद्दा, किलोमीटर हे माप प्रवाशाच्या कामाचं नाही. त्याच्या कामाचं माप एकच, घराच्या उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत किती तास. आणि हे माप आपल्या तालुक्यासाठी कुणी कधी काढतच नाही.

आपला तालुका तसा विमानाला नवखा नाही. उलट पश्चिम महाराष्ट्रात विमान लवकर आलं त्यातलं एक कारण आपणच. कराडला वारुंजीजवळची धावपट्टी कशासाठी झाली? कोयना प्रकल्पासाठी. १९५५ च्या सुमारास, धरणाच्या कामाची माणसं आणि साहित्य यावं म्हणून सार्वजनिक बांधकाम खात्यानं ती बांधली. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी मुंबईच्या इंजिनिअरला कोयनेला लवकर पोचता यावं याची काळजी सरकारला होती. धरण झालं, वीज गेली, पाण्याखाली गेलेल्या गावांतली माणसं कुठं कुठं फेकली गेली, त्यातल्या कितीकांची जमिनीची कागदं अजून पुरी झालेली नाहीत. आणि धावपट्टी? तिच्यावर शिकाऊ विमानं आणि पुढाऱ्यांची हेलिकॉप्टरं उतरतात. पाटणच्या माणसाला तिचा उपयोग एवढाच की कराडला जाताना पोरांना काचेतनं दाखवायची.

आता तुम्ही म्हणाल, मग कराडचं विमानतळ मोठं करा की. इथं माझं मत बऱ्याच जणांना पटणार नाही.

पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री असताना, म्हणजे २०१० ते २०१४ या काळात, विस्ताराचा विषय जोरात आला होता. आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. मी त्या वेळी त्यांना शिव्या घालणाऱ्यांतला होतो, खरं सांगतो. म्हणायचो, हे लोक विकासाच्या आड येतात. आज तसं म्हणवत नाही. ती जमीन कृष्णा-कोयनेच्या काठची, बारमाही पाण्याखालची, उसाची. एकदा गेली की तशी परत मिळत नाही. आपण कोयनेच्या लोकांनी तरी दुसऱ्याला "द्या की जमीन देशासाठी" असं सांगायला जाऊ नये. आपल्याला कुणी सांगितलं होतं तेव्हा काय मिळालं, ते म्हाताऱ्यांना विचारा.

बरं, भावना बाजूला ठेवू, व्यवहार बघू. आहे ती धावपट्टी सुमारे १,२८० मीटरची. दुबई-मस्कतला जाणारं मोठं जेट भरून उडवायचं तर दोन-सव्वादोन किलोमीटर तरी लागते. शेजारचं कोल्हापूर बघा. उजळाईवाडीचं विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात १९३९ साली सुरू झालं. ऐंशीच्या वर वर्षं झाली. मधे किती वेळा विमान सुरू झालं आणि किती वेळा बंद पडलं, हिशोब नाही. २०१८ मध्ये उडान योजनेतून मुंबईचं विमान पुन्हा आलं, मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. आज तिथून मुंबई, हैदराबाद, बंगळूर अशी विमानं आहेत. चांगलं चाललंय, आनंद आहे. पण एवढं मोठं शहर, एवढा उद्योग, अंबाबाईला येणारी एवढी माणसं, तरी परदेशी विमान नाही. तर मग शंभर किलोमीटरच्या आत कराडला दुसरं उभं करून दुबईचं विमान उतरेल, असं कुणी तुम्हाला निवडणुकीत सांगत असेल तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

कोल्हापूरवरनं जाऊन बघू? पाटणहून उजळाईवाडी साधारण ११५ किलोमीटर. सातारा-कागल सहापदरीकरणाच्या कामामुळं कुठं डायव्हर्जन, कुठं एकच बाजू चालू, म्हणून अडीच-तीन तास धरायचे. विमानाच्या आधी दीड तास पोचायचं. तासाभराचं उड्डाण. मुंबईत उतरून सामान घ्यायचं, परदेशी विमानासाठी पुन्हा तीन तास आधी रांगेत. सगळ्याची बेरीज आठ-साडेआठ तासांवर जाते, आणि तेही दोन्ही विमानांच्या वेळा जमल्या तर. नाही जमल्या तर मुंबईत एक रात्र भावकीतल्या कुणाकडं तरी. पैसे वेगळे. म्हणजे विमानानं जाऊनही गाडीइतकाच वेळ. पुण्याहून दुबईला थेट विमान आहे, पण लोहगाव हवाई दलाचं, तिथून परदेशी विमानं मोजकी. पुरंदरचा विमानतळ २०१६ पासून आपण ऐकतोय. तिथल्या गावांचं म्हणणंही वारुंजीसारखंच आहे.

मग आशा कुठं? माझ्या मते नवी मुंबईत.

८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरला प्रत्यक्ष विमानं सुरू झाली, सुरुवातीला देशातल्या देशात. बातम्यांत सगळं मुंबई, ठाणे, पुणे यांच्या फायद्याचं. पाटणचं नाव कुठं आलं नाही, येणारही नाही. पण नीट बघा. हे विमानतळ पनवेल-उलव्याकडं आहे. आपल्याकडनं जाणाऱ्या माणसाला मुंबईत शिरायचीच गरज नाही. द्रुतगती मार्ग उतरला की जवळच. पाटणहून तिथपर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढली तर जेमतेम २०० किलोमीटर. रस्त्यानं पावणेतीनशे ते तीनशे. सहारला जायचं तर वाशी, चेंबूर, मग पुढं ती अंधेरीकडची कोंडी, या टप्प्याला संध्याकाळी दीड-दोन तास सहज जातात. ते वाचले. माझ्या चुलत भावाचं विमान त्या दिवशी इथं उतरलं असतं तरी तो साडेसहाच्या आत पोचला नसता, हे कबूल करतो. पण थांबा म्हणायला काही तरी अर्थ राहिला असता. दहा वाजता येणाऱ्यासाठी कदाचित सकाळपर्यंत थांबले असते.

आणि नवी मुंबई ही आपल्याला परकी आहे का? तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, सानपाडा, कुठल्याही बिल्डिंगच्या पाट्या वाचा. मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील माथाड्यांचे नेते, १९६९ चा माथाडी कायदा त्यांच्या लढ्यातनं झाला. त्या कायद्याच्या आधारानं पाटण-ढेबेवाडीची हजारो माणसं मुंबईत पाठीवर ओझं वाहून उभी राहिली आणि बाजार वाशीला आला तशी तिकडं स्थिरावली. त्यांचीच नातवंडं आता आखातात, सिंगापूरला, जर्मनीला चाललीत. म्हणजे विमानतळ आपल्या माणसांच्या दारात आलाय. फक्त गावाकडून त्या दारापर्यंतची वाट राहिलीय.

एक सावधगिरीची गोष्ट मधेच सांगतो, कारण यात फसवणूक न होताही माणूस फसतो. आता मुंबईला दोन विमानतळ झाले. तिकिटावर दोन्हीकडं "मुंबई" लिहिलेलं असतं. जुन्याचा कोड बीओएम, नव्याचा एनएमआय. दोघांत रस्त्यानं चाळीसेक किलोमीटर. रात्री तास, संध्याकाळी दोन तास. कोल्हापूरचं विमान एका ठिकाणी उतरलं आणि दुबईचं दुसरीकडनं सुटतंय, असं तिकीट स्वस्त दिसलं म्हणून काढू नका. वेगवेगळी तिकिटं असतील तर पहिलं विमान उशिरा आल्याचं दुसऱ्याला काही देणंघेणं नसतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना लेकाकडं पाठवताना हे तीन अक्षरांचं काम आधी बघा. तिकीट काढून देणाऱ्या पोरालाही विचारा, कुठला मुंबई?

आता मागणी काय करायची? विमानतळाची नाही. मोठी मागणी केली की मोठं आश्वासन मिळतं आणि तिथंच संपतं. चिपळूण-कराड रेल्वे आठवतेय ना? किती सर्व्हे, किती सत्कार. आपल्या नदीच्या नावाची कोयना एक्स्प्रेस कोल्हापूर-मुंबई धावते, कराडला थांबते, आणि कोयनेच्या खोऱ्यात तिचं एक चाक येत नाही. नाव आपलं, गाडी दुसऱ्याची.

मला वाटतं पहिली मागणी एसटीची. पाटण आगारातून मुंबईकडं जाणाऱ्या गाड्या पनवेलवरनंच जातात. त्यातली रात्रीची एक गाडी नवी मुंबई विमानतळाला लावून पुढं न्यायची. ढेबेवाडी आणि कोयनानगरचे लोक पाटणला येऊन ती पकडतील अशी जोडगाडी ठेवायची. परतीची गाडी तिथून संध्याकाळी. याला जमीन लागत नाही, भूसंपादन लागत नाही, मंत्रालयाची फाईलही फार मोठी होत नाही. आज काय होतं? दुबईला निघालेल्या पोराला सोडायला खाजगी गाडी करायची, जाऊन-येऊन सात-आठशे किलोमीटरचं भाडं, टोल, ड्रायव्हरचं जेवण. पोरगं तिकडं महिना काम करून पहिलं काय फेडत असेल तर हे. काही जण म्हणतील, एसटीनं कोण जातं विमानतळाला? जे बाराशे-पंधराशे दिरहमवर आखातात जातात ते जातील. त्यांच्याकडं बघून विमानतळाच्या जाहिराती होत नाहीत, एवढंच.

दुसरं, कराड-पाटण-कोयनानगर-घाटमाथा रस्ता. राष्ट्रीय महामार्ग म्हणून पाटी लागून वर्षं झाली. पाटणच्या पुढं कोयनेकडं जाताना पावसाळ्यात महामार्ग शोधावा लागतो. या रस्त्यावरच्या पहिल्या पन्नास किलोमीटरला जे दोन तास जातात ते वाचवणं हे मुंबईत आणखी एक उड्डाणपूल बांधण्यापेक्षा स्वस्त आहे. यावर आपले सगळ्या पक्षांचे नेते भाषणात एकमत दाखवतात, त्यामुळं जास्त लिहीत नाही.

आणि कोल्हापूरच्या विमानाच्या वेळा. नवी मुंबईहून परदेशी विमानं नियमित झाली की सातारा-सांगली-कोल्हापूरच्या खासदारांनी मिळून एवढं एकच धरावं. सकाळचं कोल्हापूरचं विमान नवी मुंबईला, एकाच तिकिटावर, सामान थेट पुढं. तेव्हा मी वर केलेली साडेआठ तासांची बेरीज सहावर येईल. ते झालं तर आपल्याला कराडची एक गुंठाही जमीन नको.

"एवढ्या थोड्या लोकांसाठी कोण करणार?" असं मला परवा एका मित्रानं चहाच्या टपरीवर विचारलं. त्याला मी म्हणालो, आपल्या आळीत मोज. चार घरांमागं एक पोरगं बाहेर आहे. पूर्वी मुंबईला होतं, आता समुद्रापलीकडं. पूर्वी तार आली की बाप गेल्यावर पोरगं रात्रीच्या गाडीनं सकाळी घरी यायचं. आज फोन सेकंदात लागतो, विमान तीन तासांत येतं, आणि पोरगं पोचतं तेव्हा राख गार झालेली. मधल्या रस्त्यानं ही प्रगती खाल्ली.

आगारप्रमुखांना द्यायचं निवेदन लिहून ठेवलंय. एका पानाचं आहे, त्यात फक्त रात्रीच्या गाडीची मागणी आणि वेळा आहेत. ज्यांच्या घरातलं कुणी बाहेर देशी आहे त्यांनी सही करायला या, सोबत शेवटच्या प्रवासाचे दोन आकडे आणा. विमान किती वाजता टेकलं आणि घराचं दार किती वाजता वाजलं. मुंबईतल्या ग्रामविकास मंडळांनीही आपापल्या गावचे आकडे गोळा करून पाठवावेत, ते निवेदनाला जोडू.

पहिली नोंद मी घातलीय. दुपारी अडीच, रात्री सव्वाबारा. तेराव्यानंतर भाऊ परत निघाला त्याचीही घातलीय. विमान दुसऱ्या दिवशी दुपारचं होतं. घाटात काय होईल सांगता येत नाही म्हणून तो रात्री अकरालाच घरातनं निघाला.